पैसा समुद्रापार गेला, पेसा झाला

समजा, उद्या सकाळी डोळे उघडले आणि तुम्ही थेट आफ्रिकेत! केनिया नावाच्या देशात, मोंबासा बंदरावर. आजूबाजूला सगळे स्वाहिली बोलतायत. घाबरू नका, थोडी स्वाहिली तुम्हाला येतेच. भूक लागली तर 'चपाती' मागा, चपातीच मिळेल. तोंडी लावायला 'कचुंबारी' मागा, कांदा-टोमॅटो चिरून केलेली कोशिंबीर ताटात येईल. चहा हवा असेल तर 'चाय' म्हणा. रस्त्यावर धावते ती 'गारी', सामान मिळतं ते 'दुका', आणि दुकानदाराच्या हातावर ठेवायचा तो 'पेसा'.

एक मात्र सांभाळा. तिथे 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे चक्क बहीण! 'बाबा' तेवढे बाबाच राहिलेत. ही नात्यांची नावं आपल्याकडून गेली असं खात्रीने सांगता येत नाही. पण गारी, चपाती आणि पेसा हे शब्द आपल्या बाजूने गेले. कशावर बसून? वाऱ्यावर!

अरबी समुद्रावरचा वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. हिवाळ्यात तो ईशान्येकडून वाहतो, म्हणजे भारताच्या बाजूने आफ्रिकेकडे. पावसाळ्याच्या तोंडावर तो फिरतो आणि नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येऊ लागतो. तोच आपला मोसमी वारा. शिडाची गलबतं शेकडो वर्षं या वाऱ्याच्या भरवशावर जात-येत होती. जाताना कापड न्यायची, येताना हस्तिदंत आणायची, आणि माणसं जिथे जातात तिथे त्यांचे शब्दही जातातच. पुढे १८९६ साली इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला घेतली, तेव्हा भारतातून ३० हजारांहून जास्त मजूर तिकडे नेले. १९२० सालापर्यंत तिथलं चलनसुद्धा रुपयाच होतं! मग रुपया गेला, शिलिंग आलं. 'पेसा' हा शब्द मात्र लोकांच्या तोंडातून गेला नाही.

आणि २००७ साली हा शब्द मोबाइलमध्ये जाऊन बसला. ती गोष्ट तुम्हाला सांगायला मी कधीची उतावीळ झालेय.

समजा, व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमू शहराजवळच्या एका गावात तुमच्याएवढी एक मुलगी राहते. बाबा नैरोबीत कामाला. नैरोबी म्हणजे केनियाची राजधानी. मुंबईहून कोल्हापूर जेवढं लांब, जवळपास तेवढंच नैरोबीहून किसुमू. महिन्याचा पगार झाला की बाबांना घरी पैसे पाठवायचे असतात. मुलीची फी भरायचीय, आजीची औषधं आणायचीत. पाठवायचे कसे?

आपल्याकडे मुंबईच्या गिरणीत काम करणारे कोकणातले चाकरमानी मनीऑर्डर करायचे. पोस्टमन घरी यायचा, आजी अंगठा उठवायची, पैसे हातात पडायचे. तुमच्या पणजीला विचारा, ती मनीऑर्डरची वाट बघण्याच्या कितीतरी गोष्टी सांगेल. केनियात पोस्टाची सोय होती, पण गावापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. बँका शहरात. तिथे खातं उघडायला लागणारी रक्कम गरिबाला परवडायची नाही. मग बाबा काय करायचे? नोटा पाकिटात घालायचे, पाकीट चिकटवायचे आणि गावाकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात ठेवायचे. पाकीट पोचलं तर पोचलं. वाटेत हरवलं तर कुणाला विचारणार?

फोन करून विचारावं म्हणाल, तर फोन कुठे होते! १९९९च्या सुमाराला केनियात शंभर माणसांमागे जेमतेम एक तारेचा फोन होता. तारेचा फोन ही फार खर्चिक गोष्ट असते. गावागावात खांब रोवायचे, मैलोन्मैल तांब्याची तार ओढायची, वादळात खांब पडला की पुन्हा उभा करायचा. आणि तांबं महाग, म्हणून चोर ती तारच कापून नेणार! एका डोंगरापलीकडच्या दहा घरांसाठी एवढा खर्च कोण करणार?

मोबाइलने ही सगळी अडचण ओलांडली. मोबाइलला घरापर्यंत तार लागत नाही. एक मनोरा उभा केला की त्याच्या आजूबाजूचा काही किलोमीटरचा तुकडा त्याचा. पलीकडे दुसरा मनोरा, त्याचा दुसरा तुकडा. हे तुकडे कागदावर मधमाशीच्या पोळ्यासारखे दाखवतात, एकाला एक चिकटलेले. बसमधून जाताना तुम्ही फोनवर बोलत असलात तर एक मनोरा तुम्हाला सांभाळत असतो. त्याची हद्द संपत आली की तो शेजारच्या मनोऱ्याला 'खो' देतो आणि पुढचं बोलणं दुसरा मनोरा सांभाळतो. बोलणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. खो-खोमध्ये इतका अलगद खो मला कधीच देता आला नाही!

म्हणजे बघा, केनियातल्या बहुतेक घरांनी तारेचा फोन कधी पाहिलाच नाही. ती मधली पायरीच त्यांनी गाळली आणि एकदम मोबाइलवर उडी मारली. सफारीकॉम ही तिथली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी. २००० साली तिचे २० हजारसुद्धा ग्राहक नव्हते. २०१० साली ते दीड कोटीच्या वर गेले. दहा वर्षांत!

पण आधी अडचण ही होती की लोकांच्या खिशात एकदम द्यायला पैसे नसायचे. म्हणून महिन्याचं बिल नाही, आधी थोडे पैसे भरा आणि तेवढंच बोला, अशी सोय झाली. चिंचेच्या गोळ्या घ्याव्यात तशी लोक दुकानातून छोटी छोटी कार्डं घेत. नखाने चंदेरी पट्टी खरवडायची, खालचा आकडा फोनमध्ये घालायचा, की बोलण्याचे पैसे फोनमध्ये जमा. तेही संपले तर? मिस्ड कॉल! ही युक्ती जगभरच्या माणसांना कुणी न शिकवता सुचली, याचं मला फार कौतुक वाटतं.

२००५ साली सफारीकॉमने एक नवी सोय दिली. तिचं नाव 'सांबाझा', म्हणजे 'वाटून टाक'. आपल्या फोनमधले बोलण्याचे पैसे दुसऱ्याच्या फोनमध्ये पाठवता येऊ लागले. कंपनीला वाटलं होतं, दादा काकाला बोलायला थोडे पैसे देईल. (म्हणजे बहीण भावाला! विसरलात ना?) पण लोकांची डोकी आणखी पुढे चालत होती. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत लोकांनी काय केलं ठाऊक आहे? शहरातल्या बाबांनी बोलण्याचे पैसे गावातल्या दुकानदाराला पाठवले. दुकानदाराने ते गिऱ्हाइकांना विकण्यासाठी ठेवून घेतले आणि त्यातलं आपलं थोडं कमिशन कापून बाकीच्या नोटा आजीच्या हातात दिल्या. झालं! पाकीट नाही, बसचा ड्रायव्हर नाही, तरी पैसे पोचले. हे शोधून काढणारा कुणी शास्त्रज्ञ नव्हता. गरजेपोटी साध्या माणसांनी हा रस्ता शोधला होता.

त्याच सुमाराला व्होडाफोन कंपनीतले निक ह्यूजेस आणि सूझी लोनी हे दोघं केनियात एक प्रयोग करत होते. छोटं कर्ज घेणाऱ्या लोकांना कर्जाचा हप्ता मोबाइलवरून फेडता यावा, एवढाच त्यांचा हेतू. २००५च्या ऑक्टोबरमध्ये काही शे लोकांना फोन देऊन त्यांनी सुरुवात केली. आणि मग ते बघत बसले, लोक याचं करतात काय. लोक हप्ते भरत होतेच. पण त्याहून जास्त आवडीने ते एकमेकांना पैसे पाठवत होते! कुणी बायकोला, कुणी गावाकडच्या म्हाताऱ्या आईला. प्रयोग करणाऱ्यांनी हट्ट धरला नाही. कर्जाची मूळ कल्पना बाजूला ठेवली आणि लोक जे करत होते तेच नीट, सोपं करून द्यायचं ठरवलं. ६ मार्च २००७ या दिवशी 'एम-पेसा' सुरू झालं. एम म्हणजे मोबाइल आणि पेसा म्हणजे, तुम्हाला माहीतच आहे! जाहिरातीत सांगणं एवढंच होतं: घरी पैसे पाठवा.

आता खरी गंमत. मोबाइलमधून नोट जाते तरी कशी? फोनला तर नोट जाईल एवढं भोकही नसतं!

त्यासाठी एक खेळ खेळू. आमच्या अंगणात आम्ही तो दोन संध्याकाळ खेळलो. पाच जण आणि मूठ-मूठ चिंचोके लागतात. चिंचोके म्हणजे पैसे. एक जण कंपनी. तिच्याकडे एक झाकणाचा डबा आणि एक वही. एक जण बाबा, एक आजी. उरलेले दोघं वाकाला. एक शहरातला, एक गावातला. वाकाला म्हणजे एम-पेसाचं काम करणारा दुकानदार. आपला 'वकील' आणि त्यांचा 'वाकाला' एकाच अरबी धातूची पोरं आहेत. दोघांचंही काम दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणं.

खेळ सुरू होण्याआधी दोन्ही वाकालांनी कंपनीच्या डब्यात २०-२० चिंचोके टाकायचे. कंपनी वहीत लिहिते: शहरचा वाकाला २०, गावचा वाकाला २०. बाबा शून्य, आजी शून्य. डब्याचं झाकण बंद. शिवाय दोघा वाकालांच्या खिशात थोडे सुटे चिंचोके आहेतच.

बाबा येतात आणि शहरच्या वाकालाला १० चिंचोके देतात. वाकाला ते खिशात टाकतो आणि कंपनीला सांगतो, "माझ्या नावावरचे १० बाबांच्या नावावर कर." वहीत खोडाखोड होते: वाकाला १०, बाबा १०. मग बाबा ओरडतात, "माझे १० आजीला!" पुन्हा खोडाखोड: बाबा शून्य, आजी १०. आजी गावच्या वाकालाकडे जाते. वहीतले तिचे १० त्याच्या नावावर चढतात, तो ३० वर जातो, आणि खिशातून खरेखुरे १० चिंचोके काढून आजीच्या ओंजळीत घालतो.

आता सांगा, शहरातून गावाला काय गेलं? काहीच नाही! बाबांचे चिंचोके शहरच्या वाकालाच्याच खिशात आहेत. डब्याचं झाकण एकदाही उघडलेलं नाही. फक्त वहीतले आकडे बदलले. मला ही गोष्ट पहिल्यांदा उमगली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती त्या डब्याकडे बघत राहिले.

खऱ्या एम-पेसात डबा म्हणजे बँकेतलं राखीव खातं. लोकांच्या फोनमध्ये जेवढे पैसे दिसतात तेवढे खरे पैसे तिथे ठेवावेच लागतात. वही म्हणजे मोठा कॉम्प्युटर. आणि बाबांची आरोळी म्हणजे एसएमएस. पण कुणीही खोटी आरोळी ठोकली तर? म्हणून ही आरोळी गुप्त भाषेत जाते. तुमच्या फोनमधलं सिमकार्ड पाहिलंय? नखाएवढं असतं. ते नुसतं प्लॅस्टिक नाही, त्यावर एक इवलासा कॉम्प्युटर असतो. एम-पेसाची सगळी यादी, म्हणजे पैसे पाठवा, पैसे काढा, शिल्लक बघा, ही त्या सिमकार्डावरच बसवली होती. त्यामुळे बटणांचा साधा, स्वस्त फोनही पुरे होता. ना इंटरनेट, ना मोठा पडदा. चार आकड्यांचा पिन घातला की सिमकार्ड निरोपाला कुलूप घालून पाठवतं आणि ते कुलूप फक्त कंपनीचा कॉम्प्युटर उघडू शकतो.

आणि हा कॉम्प्युटर कुठे होता सांगू? जर्मनीत! २०१५ पर्यंत एम-पेसाची वही सांभाळणारी यंत्रं तिथे होती. म्हणजे नैरोबीतल्या बाबांनी बटण दाबलं की निरोप आधी युरोपात जायचा, तिथे आकडे बदलायचे आणि मग किसुमूजवळच्या आजीचा फोन टिंग करायचा. २०१५ साली ती यंत्रं केनियात आणली.

आमच्या खेळात दुसऱ्या संध्याकाळी भांडण झालं. बाबा सारखे पैसे पाठवत होते, आजी सारखी काढत होती, आणि थोड्या वेळात गावच्या वाकालाचा खिसा रिकामा! वहीत त्याच्या नावावर ढीगभर आकडे, पण हातात एक चिंचोका नाही. आजी म्हणते, "माझे पैसे दे." तो म्हणतो, "कुठून देऊ?" शहरच्या वाकालाचं उलटं. खिसे फुगलेले आणि वहीत शून्य. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कारण केनियातल्या खऱ्या वाकालांची हीच रोजची लढाई असते. पगाराच्या दिवसांत गावच्या वाकालाकडे काढणाऱ्यांची रीघ लागते आणि नोटा संपतात. मग त्याला टपरी कुणावर तरी सोपवून तालुक्याच्या बँकेत पळावं लागतं. वहीतले आकडे देऊन नोटा आणाव्या लागतात, तेही वाटेत चोरापासून सांभाळून.

त्याची टपरी डोळ्यांसमोर आणा. हिरव्या रंगाने रंगवलेली. समोर जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी. आत एकीकडे साबण, बिस्किटं, फोनची कार्डं. फळीवर जाडजूड वही, कोपरे दुमडलेले. आजी ओळखपत्र दाखवते. वाकाला तारीख लिहितो, ओळखपत्राचा नंबर लिहितो, रक्कम लिहितो, वही आजीकडे फिरवतो. आजी सही करते. दोघांचेही फोन वाजतात. तेव्हाच नोटा हातात. आजीचा विश्वास कॉम्प्युटरवर नंतर बसला. आधी बसला तो या वाकालावर, कारण तो तिच्या ओळखीचा, रोज मीठ-साखर देणारा. आज केनियात असे दोन लाखांहून जास्त वाकाला आहेत. बँकेच्या शाखा त्यापुढे मोजक्याच.

पहिल्या वर्षभरातच २० लाखांहून जास्त लोक एम-पेसा वापरू लागले. २००८च्या सुरुवातीला निवडणुकीनंतर देशात दंगली उसळल्या, दुकानं-बँका बंद पडल्या, लोक घरात अडकले. तेव्हा कितीतरी जणांना नातेवाइकांनी फोनवरूनच पैसे पोचवले. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने या सगळ्या कारभाराची कसून तपासणी करायला लावली. लोकांचे पैसे बुडणार तर नाहीत? तपासणीत काही वावगं निघालं नाही आणि काम चालू राहिलं. या कारभारावर देखरेख करणाऱ्या केनियाच्या मध्यवर्ती बँकेचं मला कौतुक वाटतं. नवी गोष्ट दिसली की आधी 'नाही' म्हणणं सोपं असतं. त्यांनी लक्ष ठेवलं, पण वाट अडवली नाही.

मग या एका सोयीला फांद्या फुटत गेल्या. आपल्याकडे आई-काकू भिशी लावतात ना, तशी तिथे 'चामा' असते. तिचे पैसे फोनवर जमा होऊ लागले. शाळेची फी, विजेचं बिल, बसचं भाडं, सगळं फोनवर.

मला सगळ्यात आवडते ती एम-कोपा या कंपनीची गोष्ट. 'कोपा' म्हणजे उसनं घेणं. गावात वीज नाही, घरात रॉकेलचा दिवा, धुराने डोळे चुरचुरणार. सौर दिवे घ्यावेत तर एकदम एवढे पैसे कुठून आणायचे? २०१२ पासून ही कंपनी लोकांना छपरावर ठेवायची सौर पाटी, दिवे आणि फोन चार्ज करायची सोय थोड्याशा पैशांत देऊ लागली. बाकीचे पैसे रोज थोडे थोडे, रॉकेलला लागायचे जवळपास तेवढेच, एम-पेसाने भरायचे. त्या यंत्राच्या पोटातही एक सिमकार्ड आहे! पैसे आले की कंपनी लांबूनच यंत्राला सांगते, 'पेट'. नाही आले तर दिवा झोपून राहतो. सगळे हप्ते फिटले की दिवा कायमचा आपला. हे घडवणाऱ्यांत आपले निक ह्यूजेसही होते.

आणि गायी! २०११ साली सू काहुंबू या केनियातल्या बाईंनी 'आय-काऊ' सुरू केलं. शेतकऱ्याने आपल्या गायीची माहिती फोनवरून कळवायची. गाय साधारण नऊ महिने गाभण असते. त्या काळात कधी काय खायला द्यायचं, कशाची काळजी घ्यायची, याचे एसएमएस वेळेवर येत राहतात. फोनवर गायीचं पंचांगच म्हणा ना!

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं केनियातल्या घरांचा अभ्यास केला. २०१६ साली त्यांनी लिहिलं की एम-पेसामुळे १ लाख ९४ हजार कुटुंबं अगदी टोकाच्या गरिबीतून वर आली. बायकांना तर जास्तच फायदा झाला. पैसे स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःच्या पिनमागे राहू लागले आणि कितीतरी जणींनी शेतीकाम सोडून स्वतःचा छोटा धंदा टाकला.

पण मी तुम्हाला फक्त गोड गोड सांगितलं तर ते खरं होणार नाही. फोनवर पैसे आले तसे फोनवर चोरही आले. 'चुकून तुमच्याकडे पैसे आलेत, परत पाठवा' असे खोटे निरोप तिथेही येतात. एका बटणावर कर्ज देणारी ॲप निघाली. कर्ज चुटकीसरशी मिळतं, व्याज मात्र भारी. कितीतरी लोक त्यात अडकले, म्हणून २०२१ साली अशा कंपन्यांना लगाम घालणारा कायदा करावा लागला. शिवाय एम-पेसाने पैसे पाठवायला शुल्क पडतं. थोडेच पैसे असणाऱ्याला ते जास्त टोचतं. मला ही गोष्ट खुपते.

पैसे फोनवर आले, मग खरेदीही फोनवर येणारच. पण तिथे एक निराळंच कोडं होतं: पत्ता! आपल्याकडे घर नंबर, गल्ली, पिनकोड असतो आणि पोस्टमन दारात येतो. केनियात पोस्ट घरी येत नाही. पोस्टाच्या कचेरीत आपली एक छोटी पेटी असते, तिचा नंबर हाच पत्ता. मग ऑनलाइन मागवलेला शर्ट कुठे आणून द्यायचा? पेटीत तर मावणार नाही!

याला उत्तरं बरीच निघाली. जुमिया ही खरेदीची मोठी कंपनी २०१२ साली नायजेरियात सुरू झाली आणि पुढच्या वर्षी केनियात आली. तिने जागोजागी ठरलेली दुकानं नेमली. सामान तिथे येणार, तुम्ही जाऊन घेणार. केनियाच्या पोस्टानेही मोबाइल नंबरलाच पत्ता करायची सोय काढली. पार्सल आलं की फोनवर निरोप! पण खरा तारणहार म्हणजे बोडा-बोडा. म्हणजे भाड्याची मोटारसायकल. केनिया आणि युगांडाच्या सीमेवर, म्हणजे 'बॉर्डर'वर, सायकलवाले माणसांना इकडून तिकडे न्यायचे आणि ओरडायचे, "बॉर्डर, बॉर्डर!" त्याचं झालं बोडा-बोडा. या मोटारसायकलवाल्याला फोनवर सांगायचं, "निळ्या टाकीजवळ ये, तिथून चर्चच्या मागे, आंब्याच्या झाडाखाली मी उभी आहे." तो बरोब्बर येतो. सामान देतो, फोनवर पैसे आल्याची टिंग ऐकतो आणि भुर्रकन निघून जातो. दूरच्या गावाला पाठवायचं असेल तर पार्सल बसमध्ये टाकतात. म्हणजे ज्या बसमधून पूर्वी पैशांचं पाकीट जायचं, तिच्यातून आता खरेदी जाते.

भाजी विकणाऱ्या बाईला तिथे 'मामा म्बोगा' म्हणतात, म्हणजे भाजीवाल्या आई. पूर्वी त्यांना पहाटे अंधारात उठून घाऊक बाजार गाठावा लागे. 'ट्विगा', म्हणजे जिराफ, या नावाच्या कंपनीने केळ्यांपासून सुरुवात केली. मामा म्बोगाने फोनवरून माल मागवायचा आणि कंपनीने तो शेतकऱ्याकडून आणून तिच्या गाड्यापाशी पोचवायचा.

खरेदीला चित्रं लागतात, चित्रांना इंटरनेट लागतं. २००९ पर्यंत पूर्व आफ्रिकेचं इंटरनेट आकाशातून यायचं, ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून. एक प्रश्न वर जायचा, खाली यायचा, उत्तर वर जायचं, पुन्हा खाली. प्रकाशाच्या वेगाने जाऊनही यात जवळजवळ अर्धा सेकंद जायचा. शिवाय ते भयंकर महाग! मग २००९च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरापासून समुद्रतळावरून टाकत आणलेली एक केबल मोंबासाच्या किनाऱ्याला लागली. पुढच्याच महिन्यात सीकॉम नावाची दुसरी केबल सुरू झाली. केबलच्या आत केसासारखे बारीक काचेचे धागे असतात आणि त्यांतून प्रकाश लुकलुकत धावतो. निरोप म्हणजे तेच लुकलुकणं.

तरी दूरच्या डोंगराळ भागात मनोरे पोचेनात. तेव्हा २०२० साली फुगे सोडले! टेनिसच्या मैदानाएवढे ३५ फुगे, जमिनीपासून २० किलोमीटर वर, विमानांच्याही वर, खाली इंटरनेट पाठवणारे. ते वाऱ्याच्याच जोरावर फिरायचे. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो. हवा त्या दिशेचा वारा मिळेपर्यंत फुगा वर-खाली व्हायचा आणि त्यावर स्वार व्हायचा. खर्च झेपेना, म्हणून २०२१ साली ते उतरवले. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

एक सांगायचं राहिलं. २०१३ साली व्होडाफोनने एम-पेसा भारतातही आणलं. गलबतातून गेलेला आपला पैसा 'पेसा' होऊन, मोबाइलमध्ये बसून माहेरी आला! सहाच वर्षं राहिला. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय आलं. त्यात पैसे थेट एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, आणि लोकांनी तेच उचललं. म्हणून आपल्या भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र दिसतं आणि मामा म्बोगाच्या गाड्यावर एम-पेसाचा नंबर.

सीकॉमची ती केबल आहे ना, तिचं एक टोक मुंबईत आहे. मोंबासा ते मुंबई हे सरळ अंतर साधारण साडेचार हजार किलोमीटर. केबल थोडा वळसा घेते, तरी मोंबासाच्या मुलीने पाठवलेला फोटो डोळ्यांची एक उघडझाप व्हायच्या आत मुंबईच्या किनाऱ्यावर पोचू शकतो. त्याच समुद्रावरून जाणाऱ्या गलबताला काही आठवडे लागायचे, आणि परत निघायला वारा फिरेपर्यंत महिनोन्‌महिने बंदरात थांबावं लागायचं.